बालपणाचा रकाना

दोनशे वर्षांपूर्वी हिंगोलीला निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती. छावणीच्या बाजारात हरीसिंग नावाचा एक कापडाचा व्यापारी राहायचा. साहेबलोकांत त्याची ऊठबस होती, व्यवहाराला चोख म्हणून नाव होतं. पुढे ठगांच्या बंदोबस्तावर नेमलेल्या कॅप्टन रेनॉल्ड्सला कळलं, की हा माणूस ठगांच्या टोळीचा म्होरक्या आहे आणि छावणीच्या आसपासच त्याच्या माणसांनी वाटसरूंचे गळे आवळले आहेत. त्या काळच्या इंग्रजी कागदांत हरीसिंगची आणखी एक ओळख दिली आहे. तो जवाहिर सुकुल नावाच्या ठग सुभेदाराचा दत्तक मुलगा होता आणि त्या बापाला एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात, फाशी झाली होती.

एवढ्या एका वाक्यात एका खुन्याचं बालपण नोंदलं गेलं. पुढचं कुणी विचारलं नाही. बाप फासावर गेला तेव्हा हा पोरगा केवढा होता, तो कुणाजवळ वाढला, हातात गळा आवळायचा रुमाल पहिल्यांदा कुणी दिला, यातलं काहीच कागदावर नाही.

ठगांच्या बंदोबस्तावरच्या विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने मात्र पकडलेल्या ठगांना समोर बसवून पुष्कळ विचारलं. मुलांना या धंद्यात कसं आणतात, हेही विचारलं. उत्तर असं आलं, की पहिल्या सफरीत पोराला काही दिसू देत नाहीत, त्याच्या हाती नुसत्या भेटवस्तू आणि खाऊ पडतो. दुसऱ्या खेपेला त्याला संशय येतो. तिसऱ्या खेपेपर्यंत मन इतकं निबर झालेलं असतं, की डोळ्यांदेखत माणूस मेला तरी त्याचं काही वाटत नाही. याच जबान्यांत कुर्‍होरा नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत आहे. पहिल्याच सफरीत त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्याची नजर चुकली, पोरगा घोड्यावरून पुढे गेला आणि त्याने नको ते पाहिलं. त्याला वात झाला, कुणी जवळ आलं की तो किंचाळायचा, आणि दिवस मावळायच्या आत तो गेला. ज्याच्या ताब्यात तो पोर होता, त्या ठगाने धंदा सोडला आणि नर्मदेकाठी बैरागी होऊन राहिला.

क्रौर्य रक्तातून येतं असं मानणाऱ्याने ही हकिगत दोनदा वाचावी. ठगांच्या घरातलं पोर, पण खून पाहून मेलं. त्याला ते शिकवावं लागणार होतं, आणि शिकवण्याचा एक क्रम होता. स्लीमनच्या नोंदी किती विश्वासाच्या, यावर इतिहासकारांचा वाद आहे. पकडलेला माणूस जीव वाचवायला साहेबाला हवं तेच सांगतो, हा आक्षेप रास्तच आहे. तरीही मुलाच्या मनाबद्दलचा इतका बारीक पुरावा सरकारदरबारी पडून होता, आणि सरकारने त्यातून काय काढलं? १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अमुक जातीत जन्मलेलं मूल जन्मतःच गुन्हेगार. १९५२ साली तो कायदा गेला आणि त्या जमातींना विमुक्त म्हणू लागले, पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कोणत्या वस्तीकडे वळते, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको.

आपल्याकडे खुन्याचं बालपण वाचायच्या दोनच रीती रुजल्या. एक तर ते जातीवरून ठरवून मोकळं व्हायचं, नाहीतर रकाना कोरा सोडायचा. हा आढावा त्या कोऱ्या रकान्याचा आहे.

अमेरिकेत एकामागून एक खून करणाऱ्यांचा हा रकाना काठोकाठ भरलेला आहे. टेड बंडी १९४६ साली व्हरमाँट राज्यात, लग्नाविना दिवस गेलेल्या बायांसाठीच्या एका आश्रमात जन्मला. आजीआजोबांनाच आईबाप आणि सख्ख्या आईला थोरली बहीण समजून तो वाढला. जॉन वेन गेसीचा बाप दारू पिऊन त्याला मारायचा, बायल्या म्हणून हिणवायचा. गेसीने पुढे ३३ तरुण मुलांचे जीव घेतले. एड केम्परला आईने तळघरात झोपायला लावलं होतं. त्याने पंधराव्या वर्षी, १९६४ साली, आजीआजोबांना गोळ्या घातल्या. पाच वर्षं मनोरुग्णालयात ठेवून त्याला सोडलं ते पुन्हा त्याच आईकडे. १९७२-७३मध्ये त्याने आणखी आठ जणींना मारलं आणि त्यांत ती आईही होती. रिचर्ड रामिरेझला व्हिएतनामहून परतलेला चुलतभाऊ तिथल्या अत्याचारांचे फोटो दाखवायचा, आणि त्याच भावाने पोराच्या देखत आपल्या बायकोला गोळी घातली. एलीन वॉर्नोस जेमतेम चार वर्षांची असताना आई तिला सोडून गेली. बापाला तिने कधी पाहिलंच नाही. त्याने तुरुंगात गळफास घेतला. चौदाव्या-पंधराव्या वर्षी तिला मूल झालं.

हे वाचून एक सरळ सूत्र हाती लागल्यासारखं वाटतं: मारलं-झोडलं, टाकून दिलं, म्हणून खुनी झाला. पण त्या रांगेत जेफ्री डामरही आहे. त्याचा बाप रसायनशास्त्रज्ञ होता, घर मध्यमवर्गीय होतं, मुलाला मारहाण नव्हती. आई आजारी आणि सदा खिन्न असायची, आईबापाचे खटके उडायचे, मुलगा एकलकोंडा होता आणि मेलेल्या जनावरांची हाडं जमवायचा. एवढंच. या मुलाने १७ जणांना मारलं. बाप लायोनेल डामर याने १९९४ साली पुस्तक लिहिलं आणि त्यात स्वतःलाच तपासलं. मुलाच्या कोणत्या वयात मी काय पाहायला हवं होतं, हा त्या पुस्तकाचा प्रश्न आहे. खुन्याच्या बापाने इतक्या उघडपणे लिहिलेलं दुसरं पुस्तक माझ्या वाचनात नाही. उत्तर त्यालाही सापडलं नाही.

हा सगळा तपशील अमेरिकेत जमला कसा? तिथली माणसं जास्त जिज्ञासू म्हणून नव्हे. १९७८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लॉकेट खटल्यात सांगितलं, की फाशी द्यायची तर आरोपीच्या आयुष्यातली शिक्षा सौम्य करू शकेल अशी कोणतीही बाब ऐकून घ्यावीच लागेल. २००३ साली विगिन्स खटल्यात त्याच न्यायालयाने आणखी पुढे जाऊन म्हटलं, की वकिलाने अशिलाच्या बालपणाचा नीट शोध घेतला नाही तर त्याने आपलं कामच केलं नाही. त्यामुळे शाळेचे दाखले, दवाखान्याचे कागद, शेजाऱ्यांच्या साक्षी गोळा होऊ लागल्या. दुसरीकडे एफबीआयचे रॉबर्ट रेसलर आणि जॉन डग्लस तुरुंगातून फिरले, त्यांना मानसोपचारातल्या परिचारिका-प्राध्यापक अ‍ॅन बर्जेस यांची जोड मिळाली, आणि लैंगिक हत्या करणाऱ्या ३६ जणांच्या मुलाखतींवर १९८८ साली पुस्तक निघालं. एकेका प्रश्नाचं उत्तर रकान्यात भरायची शिस्त बर्जेस यांची.

या साहित्यातून जी सूत्रं लोकांपर्यंत पोचली, त्यांतली बरीच टिकलेली नाहीत. मॅक्डोनाल्ड नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने १९६३ साली तीन लक्षणं सांगितली: मोठ्या वयापर्यंत अंथरूण ओलं करणं, आगी लावणं आणि जनावरांचे हाल करणं. त्याने पाहिलेले रुग्ण खुनाच्या धमक्या देणारे होते, खून केलेले नव्हेत. पुढच्या अभ्यासांत ही तिन्ही एकत्र फारशी सापडली नाहीत. जनावरांवरच्या क्रौर्याकडे लक्ष द्यावं, याला आधार आहे. पण अंथरूण ओलं करणाऱ्या पोराकडे संशयाने पाहणं हा त्या लेकरावरचा निव्वळ अन्याय आहे. डोरोथी लुईस या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९८६ साली फाशीच्या कोठडीतले १५ कैदी तपासले, तेव्हा सगळ्यांच्या डोक्याला कधी ना कधी मोठी इजा झालेली आढळली. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण मार आणि मेंदू हे दोन वेगळे विषय नाहीत. बापाने पोराचं डोकं भिंतीवर आपटलं तर ती घटना मनाच्या खात्यात टाकायची की मेंदूच्या?

सर्वांत जमिनीवरचा अभ्यास कॅथी विडम यांचा, १९८९ सालचा. त्यांनी खुन्यापासून मागे जाण्याऐवजी मुलापासून पुढे जायचं ठरवलं. लहानपणी छळ किंवा हेळसांड झाल्याची कोर्टात नोंद असलेली ९०८ मुलं घेतली, त्याच वयाची, त्याच वस्तीतली, पण तशी नोंद नसलेली ६६७ मुलं घेतली, आणि मोठेपणी कुणाला अटक झाली ते पाहिलं. हिंसक गुन्ह्यासाठी पहिल्या गटात सुमारे ११ टक्क्यांना अटक झाली होती, दुसऱ्यात सुमारे ८ टक्क्यांना. फरक आहे, खरा आहे. पण छळ सोसलेल्या शंभरांतल्या नव्वदच्या आसपास मुलांवर हिंसेचा गुन्हा नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. आपल्या केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांना विचारून अहवाल काढला. तीनांतल्या दोन मुलांनी मारहाण सोसलेली होती आणि निम्म्याहून अधिक मुलांनी कोणता ना कोणता लैंगिक अत्याचार. बालपणीच्या छळातून थेट खुनी निपजत असता तर या देशात गावोगाव रक्ताचे पाट वाहिले असते. बहुतेक लेकरं ते दुःख आत गिळून कामाला लागतात, संसार करतात. त्यांच्या सोसण्याचा अभ्यास खुन्यांच्या अभ्यासाहून मोठा व्हायला हवा होता.

आता आपल्या घरातले खटले.

रामन राघव. १९६५-६६मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत रेल्वेमार्गालगत आणि १९६८मध्ये उत्तर उपनगरांत झोपडीत, फुटपाथवर झोपलेल्या माणसांना त्याने रात्री डोक्यात घाव घालून मारलं. २७ ऑगस्ट १९६८ला फौजदार अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी त्याला ओळखून पकडलं. तपास रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होता. माणूस तमिळ मुलखातला, नावं अनेक, पत्ता एकही नाही. खटल्यात मुंबईच्या पोलीस सर्जनने तो वेडा नसल्याचं मत दिलं, तर नायर रुग्णालयाच्या मनोविकारतज्ज्ञाने त्याला जुनाट संशयी स्वरूपाचा स्किझोफ्रेनिया असल्याची साक्ष दिली. १९६९ साली फाशीची शिक्षा झाली आणि त्याने अपील केलं नाही. फाशी कायम करण्याआधी उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला लावलं. त्यांनी पाच बैठकांत त्याच्याशी बोलून लिहिलेला अहवाल हा मराठी मुलखातल्या खुन्याच्या मनाचा बहुधा सर्वांत सविस्तर सरकारी दस्तऐवज आहे. जग दोन आहेत, एक कानूनचं आणि एक हे. आपण कानूनचे प्रतिनिधी. लोक आपल्याला बाई बनवायला टपले आहेत. देशात अकबराचं, इंग्रजांचं आणि काँग्रेसचं अशी तीन सरकारं आहेत, असं तो मानत होता. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी हात पुढे केला, तर या दुष्ट जगातल्या माणसांना आपण शिवत नाही म्हणून त्याने तो घेतला नाही. फाशीची जन्मठेप झाली, उरलेलं आयुष्य पुण्यात कैदेत गेलं आणि १९९५ साली ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने तो वारला.

याच अहवालात बालपणाखाली जवळजवळ काही नाही. लहानपणापासून चोरीची सवय होती आणि १९६८च्या आधीची फारशी माहिती मिळत नाही, एवढ्यावर ते संपतं. तीन तज्ज्ञांना त्याच्या मनातली तीन सरकारं मोजता आली, पण त्याच्या गावी जाऊन एखाद्या म्हाताऱ्याला विचारायला कुणी गेलं नाही. एवढ्या आजारी माणसाचा आजार कोणत्या वयात दिसू लागला, तेव्हा कुणी औषधपाणी केलं असतं तर काय झालं असतं, हे प्रश्न त्याच्याबरोबर गेले. त्याची तुलना बंडी-गेसीशी करतात ती मला पटत नाही. ते दोघे शुद्धीवर, आखून, लपवून मारत होते. हा आपल्याच एका जगात जगत होता.

पुण्याचं जोशी-अभ्यंकर प्रकरण अगदी उलट टोकाचं. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शाह हे अभिनव कला महाविद्यालयात कमर्शिअल आर्ट शिकणारे विद्यार्थी होते; त्यांचा सोबती सुहास चांडक माफीचा साक्षीदार झाला. भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात संस्कृतचे वयोवृद्ध पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर यांच्यासह पाच जणांना नायलॉनच्या दोरीने मारलं. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ला येरवड्यात फाशी झाली. मुनव्वरने तुरुंगात आत्मकथन लिहिलं, त्यामुळे निदान एकाचा आतला आवाज शिल्लक आहे. या मुलांना कुणी तळघरात कोंडलेलं नव्हतं. साधी घरं, कॉलेज, दारू, पैशाची हाव, आणि एक पुढारी ज्याच्या शब्दाबाहेर जायची बाकीच्यांची हिंमत नाही. एकेकट्याने यातल्या किती जणांनी खून केला असता, याची मला शंका आहे. १९२४ साली शिकागोत लिओपोल्ड आणि लोब या दोन श्रीमंत तरुणांनी एका मुलाला मारलं, तेव्हा वकील क्लॅरन्स डॅरो यांनी त्यांचं बालपण, त्यांना वाढवणाऱ्या दाया, त्यांचं एकमेकांवरचं अवलंबून असणं, सगळं कोर्टापुढे मांडून त्यांची फाशी टाळली. पुण्यात चौघांच्या जुळलेल्या मनाचा असा धांडोळा घेतल्याचं दिसत नाही. घरंदाज पेठांमध्ये रात्री दारं लावून बसलेल्या पुणेकरांची भीतीच तेवढी पुन्हापुन्हा सांगितली जाते.

मग गावित मायलेकी. आई अंजनाबाई नाशिकची. एका ट्रकचालकाबरोबर ती पुण्याला आली, रेणुका झाली, तो सोडून गेला. मग निवृत्त सैनिक मोहन गावितशी संसार केला, सीमा झाली, तोही दुसरं लग्न करून निघून गेला. अंजनाबाईने गर्दीत पाकीट मारायला, सोनं लांबवायला सुरुवात केली आणि पोरींना शिकवलं. कडेवर लेकरू असलं की संशय येत नाही आणि पकडलं तर लोक सोडून देतात, हे लक्षात आल्यावर १९९० ते १९९६ या काळात त्यांनी तेरा मुलं पळवली. लेकरू रडू लागलं, अडचण होऊ लागली की मारलं. पहिलं लेकरू कोल्हापुरातल्या एका भिकारी बाईचं होतं. ते हरवल्याचं दुःख त्या बाईपलीकडे कुणाला झालं असेल? अंजनाबाई १९९७ साली खटल्याआधीच तुरुंगात मेली, रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला, दोघी बहिणींना २००१ साली कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच खुनांसाठी ती कायम केली.

इथे बालपण लपलेलं नव्हतं, ते गुन्ह्याच्या मधोमध होतं. शिकवणारी आई होती. ठगांच्या पोरांना तीन सफरींत जसं निबर केलं जायचं, तसंच या दोघींना घरात केलं गेलं, आणि एकीने तरी कधी कुर्‍होरासारखी किंचाळी फोडली होती का, हे विचारायला हवं होतं. न्यायालयाला त्या बायका आहेत एवढी एकच गोष्ट त्यांच्या बाजूची दिसली, आणि ती पुरेशी वाटली नाही. मारलेल्या लेकरांच्या बाजूने पाहिलं तर हा राग मला समजतो. त्या दोघी पुढे सज्ञान झाल्या, आईने सांगितलेलं नाकारू शकल्या असत्या, हेही खरं. पण राग आणि माहिती यांत एक निवडायची गरज नव्हती. शेवटी १८ जानेवारी २०२२ला मुंबई उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली ती दयेच्या अर्जावर सरकारने सात वर्षांहून अधिक काळ घालवला म्हणून. बालपणाचा त्यात काही संबंध नव्हता.

आमच्या भागातलं प्रकरण मानवतचं. माझं हे कुरुंदा गाव १९९९पर्यंत मानवतच्याच परभणी जिल्ह्यात होतं, आणि जुन्या माणसांना मानवत हे नाव त्या खुनांसाठीच आठवतं. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४, दुष्काळाचं साल, शेतात-रानात गेलेल्या लहान मुली आणि बायका एकामागून एक मारल्या गेल्या. गुप्तधनासाठी आणि मूल व्हावं म्हणून बळी दिले, असं फिर्यादी पक्षाचं म्हणणं होतं. स्थानिक पोलिसांना थांग लागेना, तेव्हा मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले. सूत्रधार म्हणून ज्यांना उभं केलं ते अखेर सुटले. शिक्षा राहिली ती हुकूम पाळणाऱ्यांना. १९७७चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल माफीच्या साक्षीदाराच्या शब्दावर किती भिस्त ठेवावी, यासाठी आजही वकील वाचतात. या प्रकरणाला अमेरिकेतल्या एकट्या विकृत खुन्याचा साचा लावता येत नाही. इथे एकाच्या मनातलं वेड कमी आणि अनेकांची मिळून असलेली श्रद्धा जास्त आहे. मांत्रिकाचा शब्द, धन्याचा धाक, गरिबाची लाचारी. अंधश्रद्धाविरोधी कायदा यायला २०१३ साल उजाडलं, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. ज्या गावावरून विचारवंत नरहर कुरुंदकरांचं आडनाव पडलं, त्या गावात बसून मला हे लिहावंच लागतं, की मानवतच्या आरोपींतले काही पारधी होते एवढीच गोष्ट लोकांनी नेमकी लक्षात ठेवली. १८७१चा कायदा जाऊन वीस वर्षं झाली होती.

१९८० साली बचन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराकडेही पाहायला सांगितलं होतं. ते पाहायचं कसं, हे नीट सांगितलं २० मे २०२२च्या मनोज खटल्यात: फाशीची शक्यता असेल तर खालच्या कोर्टातच आरोपीचं घर, शिक्षण, लहानपणी झालेली हिंसा किंवा हेळसांड, मनाचा आजार, तुरुंगातली वागणूक यांची माहिती सरकारने आणि बचाव पक्षाने पुढे ठेवावी. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या प्रोजेक्ट ३९एच्या मंडळींनी फाशीच्या कैद्यांच्या घरी जाऊन, त्यांच्याशी बोलून जे काम केलं, त्याचा या बदलाला मोठा आधार आहे. आता प्रश्न मनुष्यबळाचा आहे. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात अशी माहिती गोळा करायची तर परिविक्षा अधिकारी, सरकारी दवाखान्यातला मनोविकारतज्ज्ञ, शाळेचे जुने मास्तर, अंगणवाडीताई यांच्यापर्यंत कुणीतरी चालत जावं लागेल, आणि निकालाआधी जावं लागेल.

रेणुका आणि सीमा यांची फाशी टळली, त्यामुळे एक दार उघडं राहिलं आहे. अमेरिकेत ३६ खुन्यांसमोर बसून प्रश्न विचारले गेले. महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाने परवानगी काढावी, मराठी बोलणारी, घाई न करणारी एखादी अभ्यासक बाई पाठवावी, आणि या दोघींना पहिल्या चोरीपासून विचारावं: तेव्हा वय काय होतं, आईने काय सांगितलं, भीती वाटली का, भीती वाटायची केव्हा थांबली. आणि त्याच वहीत, निराळ्या पानावर, पळवलेल्या तेराही लेकरांची नावं विचारून घ्यावीत. कोर्टात पाचच खून टिकले.